नवा फोन घेतला? घड्याळ आधी जुन्या फोनपासून सोडवा

नव्या फोनमध्ये सिम टाकलं, व्हॉट्सॲप उघडलं की आपल्याला वाटतं काम झालं. स्मार्टवॉच मात्र इतक्यात वळणावर येत नाही. नव्या फोनच्या यादीत ते दिसतच नाही, किंवा दिसतं पण जोडताना नकार देतं, किंवा रात्री जोडलेलं सकाळी सुटलेलं असतं. मग बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या दुकानात नेलं की ऐकायला मिळतं, "मशीन गेली, नवीनच घ्या." बहुतेक वेळा मशीन गेलेली नसते. घड्याळ अजून जुन्या फोनला बांधलेलं असतं, एवढंच.

साधी ब्लूटूथ घड्याळं एका वेळी एकाच फोनशी बोलतात. जुना फोन आसपास असला आणि त्याचं ब्लूटूथ चालू असलं, तर घड्याळ आपणहून त्यालाच जाऊन चिकटतं आणि दुसऱ्या फोनला स्वतःचं नावही दाखवत नाही. गावाकडे जुना फोन कोणी फेकत नाही, तो पोरांकडे जातो. तुम्ही छपरीत बसून नव्या फोनवर पुन्हा पुन्हा 'सर्च' दाबत असता आणि आतल्या खोलीत पोरगा जुन्या फोनवर गेम खेळत असतो. तुमच्या मनगटावरचं घड्याळ त्या गेमवाल्या फोनशी निवांत जोडलेलं असतं. म्हणून आधी जुन्याशी काडीमोड, मग नवी सोयरीक. हा क्रम चुकला की पुढचं सगळं अडतं.

१. बसण्याआधी काय जवळ हवं

- घड्याळ, निदान निम्मं चार्ज केलेलं, आणि त्याची स्वतःची चार्जिंग केबल
- जुना फोन, चालू आणि लॉक उघडता येईल असा. काच फुटलेली चालेल, पडद्याला बोट लागलं पाहिजे
- घड्याळाच्या ॲपचं खातं, म्हणजे ईमेल किंवा मोबाईल नंबर, आणि पासवर्ड
- ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम, रिचार्ज असलेलं
- ॲप उतरवायला दीडशे ते दोनशे एमबी डेटा
- घड्याळाचा खोका आणि बिल

यातल्या खात्यावर जास्त लोक अडकतात. घड्याळ विकत घेताना दुकानातला पोरगा घाईत स्वतःच्याच ईमेलने ॲप चालू करून देतो, किंवा 'गेस्ट' म्हणून आत शिरतो. त्या दिवशी काही अडत नाही, फोन बदलायची वेळ आली की अडतं. गेस्ट खात्यातली पावलं, झोप, ठोके हे सगळं बहुधा त्या जुन्या फोनपुरतंच असतं, ते नव्या फोनवर येत नाही. आणि खातं दुकानातल्या पोराचं असेल, तर तुमच्या घड्याळाची किल्ली त्याच्याकडे आहे असं समजा. जुन्या फोनवर ॲप उघडा, 'प्रोफाइल' किंवा 'मी' या पानावर जा आणि कोणाचं नाव, कोणता ईमेल आहे ते पाहून कागदावर लिहून घ्या.

दुसरी अडचण बंद पडलेल्या सिमची. ॲपमध्ये मोबाईल नंबरने लॉगिन केलं असेल आणि ते सिम रिचार्जअभावी बंद असेल, तर ओटीपी येणार नाही. जुन्या फोनवर ॲप अजून उघडत असेल तर तिथूनच प्रोफाइलमध्ये नंबर बदलता येतो का, ईमेल जोडता येतो का ते आधी पाहा.

चार्जिंगबद्दल थोडं. घड्याळाला ५ व्होल्ट, १ अँपिअरचा जुना साधा चार्जर उत्तम, नव्या फोनचा फास्ट चार्जर त्याला लागत नाही. लाईन गेली म्हणून पॉवर बँक लावाल, तर एक गंमत लक्षात ठेवा: घड्याळ इतका कमी करंट ओढतं की कित्येक पॉवर बँकांना वाटतं काहीच लावलेलं नाही, आणि त्या थोड्या वेळात आपोआप बंद होतात. काही पॉवर बँकांचं बटण लागोपाठ दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड चालू होतो. तुमच्यात तो नसेल तर सोबत फोनही चार्जिंगला लावा, म्हणजे बँक जागी राहते. केबल दुसऱ्याची उसनी आणू नका. दोन पिन आणि चार पिन तर वेगळ्या असतातच, पण दोन पिनवाल्यांतही पिनांमधलं अंतर वेगळं असतं. चुंबक ढकलत असेल तर केबल उलटी धरली आहे, जोर न लावता फिरवून लावा.

२. ॲप नेमकं कोणतं

घड्याळ फोनच्या ब्लूटूथमधून जोडायचं नसतं, त्याच्या ॲपमधून जोडायचं असतं. जुन्या फोनवर जे ॲप होतं तेच नव्यावर हवं, तेव्हा आधी तिथे पाहा. सापडत नसेल तर खोक्याच्या मागे किंवा आतल्या कागदावर नाव असतं. तोही हरवला असेल तर घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'अबाउट' किंवा क्यूआर कोडचं चित्र शोधा, बहुतेक घड्याळांत ते असतं.

साधारण असं: नॉइजला 'नॉइजफिट', बोटच्या बऱ्याच मॉडेलना 'बोट क्रेस्ट', फायर-बोल्टच्या कित्येक मॉडेलना 'दा फिट', शाओमी आणि रेडमीच्या नव्या घड्याळांना 'मी फिटनेस', जुन्या मी बँडना 'झेप लाइफ' (हेच आधी 'मी फिट' होतं, २०२२ मध्ये नाव बदललं), ॲमेझफिटला 'झेप', सॅमसंगला 'गॅलॅक्सी वेअरेबल'. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलना दोन वेगळी ॲप असू शकतात, म्हणून शेजाऱ्याच्या घड्याळावरून अंदाज बांधू नका.

जत्रेत किंवा बाजारात मिळणारी बिननावाची, महागड्या घड्याळासारखी दिसणारी जी मॉडेल आहेत, त्यांचा क्यूआर कोड कधी कधी प्ले स्टोअरऐवजी भलत्याच पानावर नेतो आणि थेट फाइल उतरवायला सांगतो. तसं करू नका. पानावर दिसणारं ॲपचं नाव वाचा आणि तेच नाव प्ले स्टोअरमध्ये शोधा. थेट फाइलने टाकलेल्या ॲपला अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशन वाचायची परवानगी सहज मिळत नाही, ते बटण फिकट दिसतं आणि दाबलं जात नाही. दुसरा इलाजच नसेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपच्या माहितीच्या पानावर जा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबा आणि 'अलाउ रिस्ट्रिक्टेड सेटिंग्ज' निवडा. पण हे ॲप ओळखीचं आणि भरवशाचं असेल तरच.

३. जुन्या फोनपासून सोडवणं

यातली कोणतीही पायरी गाळू नका.

आधी जुन्या फोनवर नेट आणि ब्लूटूथ चालू करून ॲप उघडा आणि पहिल्या पानावर बोट वरून खाली ओढा. घड्याळातली माहिती फोनमध्ये आणि फोनमधली खात्यात जाते. घड्याळाच्या पोटात काही दिवसांचीच माहिती मावते आणि रीसेटमध्ये तीही पुसते, म्हणून हे आधी.

मग ॲपमध्ये 'डिव्हाइस' पानावर जा. तळाशी 'अनबाइंड', 'रिमूव्ह डिव्हाइस' किंवा 'अनपेअर' असं काहीतरी असेल, ते दाबा. खात्री विचारली की हो म्हणा. यावेळी घड्याळ ॲपला जोडलेलं दिसलं पाहिजे. काही घड्याळं त्याच क्षणी स्वतःहून रीसेट होतात आणि भाषा निवडायचा पहिला पडदा दाखवतात.

नंतर जुन्या फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जा. कॉल घेता येणारं घड्याळ असेल तर बहुधा तिथे त्याची एक वेगळी नोंद अजून शिल्लक असते. तिच्या शेजारच्या चाकावर दाबून 'फरगेट' करा, फोन मराठीत असेल तर 'विसरा'. घड्याळाच्या नावाच्या दोन नोंदी असतील तर दोन्ही काढा. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी ब्लूटूथमधून काढून मग ॲप, असं केलं की ॲप घड्याळापर्यंत पोचू शकत नाही आणि घड्याळाला सुटल्याचा निरोपच मिळत नाही.

ॲप नुसतं डिलीट केलं म्हणजे घड्याळ सुटलं, हा समज तर सर्रास आहे. तसं होत नाही. काही कंपन्या घड्याळ खात्यालाच बांधून ठेवतात, आणि नव्या फोनवर 'हे डिव्हाइस दुसऱ्या खात्याला जोडलेलं आहे' असा निरोप येतो.

शेवटी जुन्या फोनचं ब्लूटूथ बंद करा. पुढचं सगळं पार पडेपर्यंत ते बंदच राहू द्या, पोरांनाही सांगून ठेवा.

४. जुना फोन हातात नसेल तर

विहिरीत पडला, विकला, हरवला, काहीही असो. फोन बंदच पडला असेल तर तो घड्याळाला ओढून घेणार नाही, उलट काम सोपं. विकला असेल आणि तो माणूस गावातलाच असेल तर त्याच्याकडून ॲप आणि ब्लूटूथमधली नोंद काढून घ्या.

नव्या फोनवर त्याच जुन्या खात्याने लॉगिन करा. खातं तुमचंच असेल तर 'डिव्हाइस' पानावर जुनं घड्याळ दिसू शकतं. दिसलं तर ते तिथून काढा. मग घड्याळ त्याच्याच सेटिंगमधून रीसेट करा आणि नव्याने जोडा.

जुनं घड्याळ दुसऱ्याकडून विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या ॲपमधून अनबाइंड करायला लावा. नंतर तो पुण्याला निघून गेला की फोनवर समजावत बसावं लागतं.

५. घड्याळ रीसेट

घड्याळाच्या सेटिंगमध्ये 'सिस्टिम' किंवा 'अबाउट'मध्ये 'फॅक्टरी रीसेट' असतं. 'रीस्टार्ट' वेगळं, त्याने काही सुटत नाही. साधारण एका मिनिटात घड्याळ पुन्हा चालू होऊन क्यूआर कोड किंवा भाषेचा पडदा दाखवतं.

रीसेटमध्ये गजर, साठवलेले नंबर, पडद्याची चित्रं, रिमाइंडर सगळं जातं. रात्रीच्या लाईनवर ओलित करणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. मोटर चालू करायला रात्री उठवणारा गजर घड्याळात लावलेला असतो, तो रीसेटनंतर गप्प असतो. जोडणी झाली की पहिलं काम तो गजर परत लावायचा.

६. नव्या फोनची तयारी

ब्लूटूथ चालू. नेट चालू. आणि लोकेशनही चालू. घड्याळ शोधायला लोकेशन कशाला, हा प्रश्न रास्त आहे. अँड्रॉइड ६ पासून ११ पर्यंत फोनने आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायची म्हटली की लोकेशनची परवानगी लागते, कारण जवळच्या उपकरणांवरून तुमचा ठिकाणा कळू शकतो. नुसती परवानगी देऊनही भागत नाही, वरून ओढायच्या पट्टीतलं लोकेशनचं बटणही चालू हवं. ते बंद असेल तर बऱ्याच ॲपमध्ये कसलीही चूक दाखवली जात नाही, नुसती यादी रिकामी राहते आणि गोल गोल फिरत बसतं. अँड्रॉइड १२ पासून 'निअरबाय डिव्हाइसेस' म्हणजे 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली, पण बरीच ॲप हवामानासाठी आणि चालण्याच्या नकाशासाठी लोकेशन मागतातच. जोडणी होईपर्यंत दोन्ही द्या.

ॲप उतरवायला गावात रेंज येत नसेल, तर जिथे येते त्या टेकडीवर किंवा शाळेजवळ जाऊन आधी ॲप उतरवून लॉगिन करून घ्या. जोडणी घरी येऊन करता येते, पण काही ॲप जोडताना एकदा सर्व्हरला विचारतात, म्हणून जमल्यास घड्याळ सोबतच न्या. कोणाचा हॉटस्पॉट घेतलात तरी चालतो, घड्याळाला त्याच्याशी देणंघेणं नाही.

लॉगिन करताना देश 'इंडिया' निवडा आणि खातं तेच जुनं ठेवा. नवं खातं काढलं की जुनी पावलं आणि झोप दिसणार नाही. पुसलेली नसते, जुन्या खात्यात पडून असते.

७. जोडणी: ॲपमधूनच

नवा फोन आणि घड्याळ वीतभर अंतरावर ठेवा. ॲपमध्ये 'ॲड डिव्हाइस' दाबा, मॉडेल निवडा किंवा घड्याळावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. उन्हात पडद्यावरचा कोड कॅमेऱ्याला दिसत नाही, सावलीत या आणि घड्याळाचा प्रकाश वाढवा.

यादीत एकाच नावाची दोन घड्याळं दिसली तर गोंधळू नका. लग्नात आहेर म्हणून सारखीच घड्याळं आलेल्या घरात हे हमखास होतं. नावाच्या शेवटी चार अक्षरं-आकडे असतात, समजा '७सी४एफ'. घड्याळाच्या 'अबाउट' पानावर मॅक ॲड्रेस, म्हणजे प्रत्येक घड्याळाचा स्वतःचा वेगळा ओळख-क्रमांक, लिहिलेला असतो, त्याची शेवटची चार अक्षरं बहुधा हीच असतात. ती जुळवून पाहा. नाही तर सासूचं घड्याळ सुनेच्या फोनला जोडलं जातं आणि दोघींची पावलं भलतीकडेच मोजली जातात.

निवडल्यावर घड्याळावर बरोबरची खूण येते, ती दाबा. काही मॉडेलमध्ये फोनवर आणि घड्याळावर सारखाच आकडा दिसतो, तो जुळला की मान्य करा. घड्याळ थरथरलं, वेळ बरोबर झाली, की पहिली जोडणी झाली.

फोनच्या ब्लूटूथ यादीतून आधीच घड्याळ जोडून ठेवलं असेल तर ॲपला ते सापडत नाही. मग ती नोंद 'विसरा' करा, ब्लूटूथ बंद-चालू करा, आणि पुन्हा ॲपमधून या.

८. कॉलसाठी दुसरी जोडणी

ब्लूटूथ कॉलिंगच्या घड्याळात दोन वेगळे धागे असतात. एक कमी वीज खाणारा, ज्यावरून पावलं आणि मेसेज येतात. तो सातव्या पायरीत ॲपने जोडला. दुसरा आवाजाचा, जो इअरफोनसारखा फोनच्या ब्लूटूथ यादीत दिसतो. पुष्कळांचा फक्त पहिला जोडला जातो आणि मग 'मेसेज येतात पण घड्याळातून बोलता येत नाही' अशी तक्रार येते.

नवी ॲप हा दुसरा धागा स्वतःच जोडून घेतात आणि फोनवर 'पेअर' विचारतात. नाही विचारलं तर घड्याळाच्या सेटिंगमध्ये कॉलचं किंवा फोनचं बटण चालू करा, मग फोनच्या ब्लूटूथ यादीत जाऊन घड्याळाचं नाव दाबा. बऱ्याचदा या नावापुढे 'कॉल' किंवा 'ऑडिओ' असं जोडलेलं असतं. कॉन्टॅक्ट वापरू द्यायचे का विचारलं तर हो म्हणा, नाही तर कॉल येताना नावाऐवजी नुसता नंबर दिसेल.

जोडल्यावर त्या नोंदीच्या चाकावर दाबून 'मीडिया ऑडिओ' बंद करा आणि 'फोन कॉल्स' चालू ठेवा. हे केलं नाही तर फोनवर लावलेलं कीर्तन मनगटावरच्या चिमुकल्या स्पीकरमधून किरकिरत ऐकू येतं आणि घड्याळाची बॅटरी संध्याकाळपर्यंत संपते.

दोन सिम वापरत असाल आणि फोनमध्ये कॉलसाठी 'दर वेळी विचारा' असं असेल, तर घड्याळावरून नंबर लावला की कोणतं सिम हा प्रश्न फोनच्या पडद्यावर येऊन थांबतो. कॉलसाठी एक सिम कायम करून टाका.

आणि हे घड्याळ म्हणजे फोन नव्हे. सिम नसलेल्या घड्याळाला फोन मोकळ्या जागेत साधारण दहा मीटरच्या आत लागतो, मधे मातीच्या जाड भिंती असतील तर त्याहून कमी. फोन झोपडीत ठेवून तुम्ही पऱ्हाटीत बरंच पुढे गेलात की तुटेल. फोन उजव्या मागच्या खिशात आणि घड्याळ डाव्या हातात असेल तरी आवाज अडखळतो, कारण मधलं शरीरच ब्लूटूथची लहर शोषून घेतं. बोलताना फोन वरच्या खिशात ठेवा.

९. मेसेज येत राहावेत म्हणून

जोडणी टिकणं सर्वांत जास्त इथे अवलंबून आहे आणि सर्वांत कमी लोक इथे लक्ष देतात. फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप मारून टाकतो. घड्याळाचं ॲप मेलं की मेसेज बंद. ॲप उघडलं की पुन्हा सुरू, तास-दोन तासांनी पुन्हा बंद. घड्याळ बिघडल्यासारखं वाटतं, पण दोष फोनच्या सेटिंगचा असतो.

आधी ॲपला नोटिफिकेशन वाचायची परवानगी द्या: सेटिंग, ॲप्स, 'स्पेशल ॲप ॲक्सेस', त्यात नोटिफिकेशनचं पान, तिथे ॲपचं बटण चालू. मग ॲपच्या आत जाऊन कोणाकोणाचे मेसेज घड्याळावर हवेत ते निवडा. सगळंच चालू केलं तर कंपनीच्या रिचार्जच्या जाहिरातींनी मनगट दिवसभर थरथरतं. कॉल, एसएमएस, व्हॉट्सॲप आणि पैशांचे व्यवहार दाखवणारं ॲप, एवढं बहुतेकांना पुरतं.

मग बॅटरीचं. फोनच्या कंपनीप्रमाणे जागा बदलते:

रेडमी आणि पोको: ॲपच्या माहितीच्या पानावर 'ऑटोस्टार्ट' चालू, आणि बॅटरी सेव्हरमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन्स'.
विवो: बॅटरी सेटिंगमध्ये बॅकग्राउंड वीजवापराचं पान, तिथे ॲपला परवानगी.
ओप्पो आणि रिअलमी: ॲपच्या 'बॅटरी युसेज'मध्ये 'ऑटो लाँच' आणि 'बॅकग्राउंड ॲक्टिव्हिटी' दोन्ही चालू.
सॅमसंग: बॅटरीमधल्या बॅकग्राउंड मर्यादांच्या पानावर 'नेव्हर स्लीपिंग ॲप्स'मध्ये नाव टाका.

बऱ्याच फोनमध्ये अलीकडच्या ॲपच्या पडद्यावर ॲपला कुलूपही लावता येतं, तेही लावा. आणि फोन साफ करणारं 'क्लीनर' ॲप टाकलेलं असेल तर काढून टाका. ते सगळ्यात आधी घड्याळाचंच ॲप मारतं.

मराठी मेसेज चौकोन-चौकोन दिसत असेल तर घड्याळात देवनागरी अक्षरं नाहीत. घड्याळाची भाषा हिंदी करून पाहा, ॲपमध्ये अपडेट असेल तर ते घ्या. तरी नाही आलं तर इलाज नाही, स्वस्त मॉडेलमध्ये अक्षरांना जागाच ठेवलेली नसते. नेहमीच्या लोकांची नावं फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत साठवली तर निदान कॉल कोणाचा ते कळतं.

१०. अपडेट: घाई नको

जोडल्याबरोबर ॲप 'नवं अपडेट आहे' म्हणून दारात उभं राहतं. लगेच दाबू नका, एक-दोन दिवस जोडणी नीट चालते का ते पाहा. अपडेट आधी नेटवरून फोनमध्ये उतरतं आणि मग ब्लूटूथवरून घड्याळात जातं. पहिल्या भागात रेंज गेली तर फार बिघडत नाही, पुन्हा सुरू करता येतं. दुसऱ्या भागात फोन दूर गेला, ॲप बंद झालं किंवा घड्याळाची बॅटरी संपली, तर घड्याळ कायमचं अडकून बसू शकतं. म्हणून घड्याळ निम्म्याहून जास्त चार्ज, दोन्ही वस्तू एका पाटावर शेजारी, फोनचा पडदा चालू, आणि वीस-पंचवीस मिनिटं कोणी फोनला हात लावायचा नाही.

११. सॅमसंग आणि अॅपलचं वेगळं

सॅमसंगची गॅलॅक्सी वॉच ४ आणि पुढची मॉडेल फक्त अँड्रॉइडला जोडली जातात, आयफोनला नाहीत. २०२३ मध्ये आलेल्या 'वेअर ओएस ४' या घड्याळाच्या प्रणालीपासून रीसेट न करता घड्याळ नव्या फोनवर हलवायची सोय आली. नव्या फोनवर 'गॅलॅक्सी वेअरेबल' उघडून तसा पर्याय दिसतो का ते आधी पाहा. जुन्या मॉडेलमध्ये बॅकअप घेऊन रीसेटच करावं लागतं.

अॅपल वॉच फक्त आयफोनवर चालतं. जुन्या आयफोनच्या 'वॉच' ॲपमधून 'अनपेअर' केलं की बॅकअप आपोआप होतो आणि 'ॲक्टिव्हेशन लॉक' निघतं, त्यासाठी अॅपल खात्याचा पासवर्ड लागतो. हे लॉक न काढलेलं जुनं घड्याळ कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. आधीच्या मालकाच्या पासवर्डशिवाय ते सुरू होत नाही, आणि रीसेटनेही सुटत नाही.

अँड्रॉइडवरून आयफोनकडे गेलेल्यांसाठी: नॉइज-बोटसारखी घड्याळं आयफोनला जोडली जातात, पण घड्याळावरून मेसेजला उत्तर द्यायची सोय मिळत नाही. आयफोन ती दुसऱ्या कंपन्यांच्या घड्याळांना देत नाही.

१२. जोडलं, तरी कुरबुर

रोज सकाळी सुटतं: जुन्या फोनचं ब्लूटूथ पुन्हा चालू झालंय का पाहा. नोंद काढायची राहिली असेल तर घड्याळ रात्री तिकडे पळतं. ते नसेल तर नववी पायरी पुन्हा.

वेळ चुकते: घड्याळ वेळ फोनकडून घेतं. फोनमध्ये तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवा आणि ॲप एकदा उघडा.

चार्ज होत नाही: मागच्या पिनांवर घाम आणि मातीचा थर बसतो. कोरड्या मऊ कापडाने पुसा, टाचणीने खरवडू नका. फवारणीच्या दिवशी तर घड्याळ घरीच ठेवा. आयपी ६७ या पाण्यात टिकण्याच्या दर्जाचा अर्थ साध्या गोड्या पाण्यात एक मीटर खोल, तीस मिनिटं. औषधाचं पाणी त्या चाचणीत नसतं, आणि पट्ट्यात मुरलेलं औषध दिवसभर कातडीला लागून राहतं.

तापतं: नवतप्यात टिनाच्या पत्र्याखाली दुपारी चार्जिंग किंवा अपडेट करू नका. लिथियम बॅटरी ४५ अंशांपुढे चार्ज करायची नसते आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच तेवढं होतं. पहाटे करा.

बीपी-शुगर नव्या फोनवर वेगळीच दिसते: जुन्यावरही ती मोजमापं भरवशाची नव्हती. सुई न टोचता शुगर मोजणाऱ्या घड्याळांपासून सावध राहा, असा इशारा एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. गोळीचा डोस घड्याळावरून ठरवू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजून घ्या.

यातलं काहीच जमलं नाही तर कंपनीचा मदत नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा ॲपच्या 'हेल्प' पानावरून घ्या, इंटरनेटवर शोधून पहिला दिसेल तो नाही. घड्याळ जोडून द्यायला कोणालाही बँकेचा ओटीपी लागत नाही आणि तुमचा पडदा दूरवरून पाहणारं ॲपही लागत नाही. तसं मागणारा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी नंबरवर तक्रार नोंदवा.